खजुराचा केक आणि वहिनींचा कान

दादाच्या बेकरीत घड्याळ आहे, पण ते गिऱ्हाइकांसाठी. भट्टीतून ट्रे कधी काढायचा, ते दादा रंग बघून ठरवतो. काचेतून एकदा डोकावायचं आणि "आला" म्हणून दार उघडायचं. बत्तीस वर्षांत त्याचा अंदाज चुकलेला मी पाहिला नव्हता. वहिनी तितकीच वर्षं काउंटरवर. भट्टीशी आपला संबंध उकाड्यापुरता, असं त्याच म्हणत.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी खेळांच्या दिवसासाठी साठ छोटे केक मागितले. अट एकच, पांढरी साखर नको. दादा आत होता. वहिनी "देऊ की" म्हणून मोकळ्या झाल्या.

"आज साखर नको, उद्या पीठ नको म्हणतील!" दादा तडकला. "शब्द तू दिलास, तूच निस्तर. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर बाईंना 'नाही' असं तूच सांगायचं, आणि पुन्हा भट्टीकडे फिरकायचं नाही."

"आजवर फिरकू कुठे दिलंत?" वहिनी म्हणाल्या.

पहिला सल्ला माझा. मी वाणिज्य शाखेचा. जेवढी साखर काढाल तेवढाच मध घाला, म्हटलं. केक वरून कोळसा आणि आतून लगदा झाला. मधाला आच सौम्य लागते आणि तो स्वतःचं पाणी घेऊन येतो, हे मला कुठे ठाऊक?

"भाऊजी, हिशेब बरोबर आहे, केक चुकलाय," वहिनी हसून म्हणाल्या, आणि खजुराकडे वळल्या.

बिया काढून खजूर गरम पाण्यात भिजवला, गुळगुळीत वाटला. लोण्यात साखर फेसली की हवा धरली जाते, खजुराचा गर तशी धरत नाही. म्हणून अंडी वेगळी, दंड भरून येईपर्यंत फेटली. दूध कमी केलं. तीन दिवस हेच चाललं होतं. गुरुवारी मिश्रण मनासारखं जमलं. भट्टीच्या दाराशी अर्थातच दादा.

"आला," तो म्हणाला आणि ट्रे काढला. बघता बघता सगळे केक मधोमध वाटीसारखे बसले.

"बघ! आता माझ्या डोळ्याला दोष देऊ नकोस."

वहिनींनी एक केक कापला, आतला ओला गर बोटाने चाचपला. "अहो, हा भट्टीत जातानाच तपकिरी होता. तुम्ही बघितलात तो खजुराचा रंग, भाजल्याचा नव्हे."

दादाने एक बसलेला केक उचलून उजेडात धरला आणि उलटसुलट करून बघितला.

शुक्रवारी सकाळी ट्रे वहिनींनीच लावला. वास सुटल्यावर जाड फडक्याने एक साचा काढला आणि कानाजवळ धरला.

"कोणाचा फोन आहे?" दादाने विचारलं.

वहिनींनी हात वर करून त्याला गप्प केलं. "अजून कुजबुजतोय. आत ओल आहे."

साचा परत आत गेला. माझ्या घड्याळाप्रमाणे सहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा ऐकलं. "आता निवांत झाला."

कापला तर आत एकसारखी जाळी, पोटात खड्डा नाही. दादाने कोपरा मोडून खाल्ला. मग दुसरा.

"साखरेच्या केकइतका हलका नाही," तो म्हणाला.

"तो साखरेचा नाहीच," वहिनी म्हणाल्या. दादाने तिसरा तुकडा घेतला.

शनिवारी साठ साचे भट्टीत होते. वहिनी काउंटरवर, समोर चार गिऱ्हाइकं. सवयीप्रमाणे दादा काचेतून डोकावला, "आला" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. एक साचा काढून तो स्वतःच्या कानाशी नेला, इकडे धरला, तिकडे धरला. मग आतून हाक आली, "अगं, जरा येऊन ऐक ना! मला काही कळेना."

"गिऱ्हाइकं खोळंबलीत हो!"

"वहिनी, तुम्ही जा," मी म्हटलं आणि त्यांच्या जागी उभा राहिलो. त्या सकाळी मी दोघांना चुकीचा पाव बांधून दिला. पण दुकानात आलेल्या प्रत्येकाला, कोणी विचारलं नसतानाही, मी सांगत होतो, "थोडं थांबा, वहिनी भट्टीवर आहेत."