सासूबाई, घ्या!

आमच्या कॉलेजात तेव्हा मुली होत्या सात. त्यांतली एक, चेंडू येताना दिसला की डोळे मिटून खाली बसायची. दुसरीच्या बापानं निरोप धाडला, "टोपलीतच टाकायचं असेल तर घरी शेणाची पाटी आहे." राहिल्या पाच, आणि बास्केटबॉलला लागतात पाच. जळगावच्या कॉलेजात मुलींचा पहिला संघ असा झाला. पुढं भाषणांत लोक दूरदृष्टी वगैरे म्हणायला लागले. दूरदृष्टी कसली? पाचच होत्या.

मी तिथं शिपाई होतो. शिकलो मराठी चौथीपर्यंत, त्यामुळं शुद्धलेखन बघणाऱ्यांनी इथंच थांबावं. मैदानावर चुन्याच्या रेषा मारायच्या, चेंडूत हवा भरायची, तो चेंडू बाभळीत गेला की काढून आणायचा, ही माझी कामं. आणि मुलींबरोबर बाईमाणूस पाहिजे म्हणून माझी बायको मैदानाच्या कडेला शेंगा निवडत बसायची. मुली तिला अक्का म्हणायच्या. खेळातलं तिला काही कळत नव्हतं, पण ओरडायची सगळ्यांत जास्त.

ती गेली. हा किस्सा आम्ही दोघं मिळून सांगायचो, अर्धा ती, अर्धा मी. आता अख्खा मलाच सांगावा लागतो, आणि तिचा अर्धा मला धड जमत नाही. तरी लिहितो.

स्वातंत्र्याच्या आधीचा हिवाळा. पाचांतल्या एकीचं उन्हाळ्यात लग्न झालेलं. सासर धुळ्याचं. नवरा पुण्याला शिकत होता, म्हणून हीसुद्धा परीक्षेपर्यंत माहेरी जळगावला राहून कॉलेज करत होती. चेंडू फेकावा तर तिनंच, बाकीच्या नुसत्या धावायच्या. पण लग्न झालं आणि एक भलतीच अडचण उभी राहिली. रिंगखाली उभी राहून चेंडू आत टाकणारी जी उंच मुलगी होती, तिचं नाव आणि हिच्या सासूचं नाव एकच. सुनेनं सासूचं नाव कसं घ्यावं? ही आपली "अगं!" म्हणून ओरडायची आणि चौघी वळून बघायच्या.

खेळाचे सर डोक्याला हात लावायचे. "अहो बाई, सासू धुळ्याला आहे! तिला ऐकू जातंय का?"

"मला ऐकू जातं ना, सर."

शेवटी मुलींनी तोड काढली. उंच मुलीला हिनं 'उंटीण' म्हणायचं. ती दोन दिवस रुसली, मग ओ द्यायला लागली.

तेवढ्यात धुळ्याच्या मुलींशी, त्यांच्याच मैदानावर, सामना ठरला. आणि सासूचा निरोप आला, की सून मैदानात उड्या मारते असं कानावर आलंय, मी स्वतः बघायला येईन. बरं दिसलं नाही तर तिथूनच घरी घेऊन जाईन, कॉलेज पुरे झालं. पोरगी पांढरी पडली. तिनं धुळ्याला नेण्याच्या पिशवीत पुस्तकंही भरली. म्हणाली, "अक्का, परत आले नाही तर ही तरी जवळ राहतील." माझी बायको म्हणाली, "आधी खेळ तर खरी. रडायला रस्ताभर वेळ शे." 'आहे'ला ती अहिराणीत 'शे' म्हणायची.

तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की आम्ही उतरायचो, उतार आला की बसायचो. धुळ्याला पोचलो तेव्हा पाची मुली मोटारीमागची कोळशाची भट्टी फुंकणाऱ्या माणसासारख्या काळ्या झालेल्या.

सासूबाई पहिल्या रांगेत, खुर्चीवर. बाई चांगल्याच उंच, मान लांब. मी बघितलं आणि मनात म्हटलं, आता ही पोरगी 'उंटीण' कोणत्या तोंडानं म्हणणार? बाकीच्या तर त्या मुलीला नावानंच हाका मारत होत्या. सासूबाईंना वाटलं असतं, माझ्याच नावाची बाई आणि सून तिला उंटीण म्हणते!

पोरगी मुकी झाली. हातात चेंडू, समोर उंच मुलगी मोकळी, आणि हिच्या तोंडून शब्द नाही. धुळ्याच्या मुली येऊन चेंडू हिसकावून न्यायच्या. लोक म्हणाले, घाबरली. सासूबाईंनी शेजारणीला विचारलेलं मी कानानं ऐकलं, "हिला येतं तरी का काही?"

मधल्या सुट्टीत बायकोनं तिला बाजूला घेतलं.

"काय गं, जीभ जळगावला राहिली का?"

"अक्का, कशी हाक मारू? त्या बसल्यात ना समोर."

"मग सासूबाई म्हण की! खोटं शे का?"

खेळ परत सुरू झाला. चेंडू हिच्या हातात आला, उंच मुलगी रिंगखाली धावली, आणि ही सगळं बळ एकवटून ओरडली, "सासूबाई, घ्या!"

पहिल्या रांगेतल्या सासूबाई ताडकन उठल्या आणि दोन्ही हात पुढे करून उभ्या राहिल्या.

चेंडू त्यांच्या नाकासमोरून उंच मुलीकडे गेला, तिथून रिंगमधून खाली. मैदानभर हशा. शिट्टी मारणारा मास्तर शिट्टी तोंडात धरून हसत होता, म्हणून तीसुद्धा वाजत होती. सासूबाई हळूच खाली बसल्या. मग दर खेपेला "सासूबाई, घ्या!" आणि दर खेपेला लोक त्यांच्याकडे बघणार.

सामना हरलो आम्ही. ते सांगून टाकतो. पण सामन्याचं कुणाला पडलं होतं! पोरगी पदर सारखा करून सासूबाईंपुढे उभी राहिली, वाकली, आणि वर बघेना.

"ती उंच पोरगी तुझी सासू कधीपासून झाली?"

उत्तर माझ्या बायकोनं दिलं. "बाई, तिचं नाव तुमचंच शे. ही घेत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "घरात मला पाणी देताना इतक्या अदबीनं 'घ्या' म्हणत नाही कोणी." आणि सुनेकडे वळून, "परीक्षा होऊ दे, मग ये. मैदानात माझं नाव घेतलंस तरी चालेल. पण घरी घेतलंस तर बघ."

परतीच्या मोटारीत पोरींनी धिंगाणा घातला. घे नाव, घे नाव! ती पदरात तोंड लपवायची, तोंड उघडायची, परत मिटायची. पारोळा गाव मागं पडलं तेव्हा कुठं पहिल्यांदा पुटपुटली. मग दुसऱ्यांदा मोठ्यानं. मग सुटलीच. खिडकीतून डोकं काढून सासूच्या नावानं हाका मारत सुटली, बाकीच्या चौघी तिच्या मागून.

ड्रायव्हरनं घाबरून मोटार थांबवली. "कोण बाई मागं राहिली का?"

"राहिली," माझी बायको म्हणाली. "धुळ्याला. राहू दे, बरी शे तिथं. तू चालव."