घोंगडीतली बंदूक

निवडणुकीसाठी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा, अशी सूचना परवा पेपरात वाचली आणि फुलंब्रीचं ते जुनं ठाणं डोळ्यांपुढं उभं राहिलं. मी तेव्हा तिशीत होतो. लांडगे मेंढ्या नेतात म्हणून गावातल्या एका धनगरानं माझी बंदूक विकत घेतली होती. घेणाऱ्याकडं परवाना हवा, विकण्याआधी पोलिसांना लेखी कळवायला हवं, हे मला ठाऊक होतं. तरी त्याचा अर्ज मंजूर व्हायच्या आधीच मी ती देऊन टाकली. मग निवडणूक लागली, जमादारानं बंदूक मागितली आणि मी घाबरून म्हणालो, "चोरीला गेली." शाईच्या वासानं भरलेल्या त्या खोलीत तो माझी फिर्याद लिहीत असतानाच धनगर दारात आला. उन्हात चालून निथळला होता, काखेत घोंगडीत गुंडाळलेली बंदूक होती. "मालक, लई शोधलं तुम्हाला," तो हसून म्हणाला. "जमा करायची म्हणं. तुमच्यावर बालंट नको, म्हून घेऊन आलो." जमादारानं टाक खाली ठेवला. "वा! चोर आपल्या पायानं आला. हाच का हो?" धनगराचं हसू गेलं. "सांगा की मालक, इकत घेतली म्हून." मी जमिनीकडं बघत म्हणालो, "मी काही विकली नाही." त्याला सजा झाली. तो सुटून आला तोवर घरच्यांनी मेंढ्या विकल्या होत्या. आता तो नाही, पण त्याच्या मुलाला गाव अजून चोराचा म्हणतं. त्या गावानं हे वाचावं: त्यानं बंदूक चोरली नव्हती, मी त्याला विकली होती.