चालेल

कापडात दोष दिसला की ताग्याच्या काठाला लाल दोरा बांधायचा, हे काकूंचं काम. चादरींच्या कारखान्यात तपासणीची एक लांबट खोली होती. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्याच्यावरून काकूंची नजर. सव्वीस वर्षं. दोऱ्याच्या ठिकाणी खालच्या मजल्यावरचे लोक कापड अडवत, दोष किती मोठा ते पाहत आणि मगच घडी घालत.

घरी गेल्यावरही ही नजर उतरत नसे. नवरा सांगायचा, "पहिल्याच भेटीत हिनं माझ्या सदऱ्याची उसवलेली शिवण दाखवली. म्हटलं, लग्न करून टाकू, शिवून तरी देईल."

"दिली का मग?" कोणी विचारलं की काकू म्हणत, "सुई दिली."

वर्षभरापूर्वी एकदा जेवताना नवऱ्यानं विचारलं, "भाजी अळणी झालीय ना?" त्या दिवशी त्यानंच केली होती.

"चालेल," काकू म्हणाल्या.

त्यानं हातातला घास खाली ठेवला. "तुला बरं नाही का?"

कारखान्यात मात्र हा शब्द कोणाला खटकला नाही. कोणी काही विचारलं की काकू म्हणत, चालेल. खालच्या मुलींनी त्यांचं नाव 'चालेलकाकू' पाडलं. लाल दोरे दिसेनासे झाले, माल भराभर निघू लागला, आणि दोन वर्षांपूर्वी आलेल्या तरुण सुपरवायझरला वाटलं, आपलं बस्तान बसलं.

मग एका गिऱ्हाइकाकडून गठ्ठाच्या गठ्ठा परत आला. प्रत्येक चादरीत बोटभर फट. मालक म्हणाले, "बाईंची नजर गेली. सोमवारपासून त्यांना घड्या घालायला पाठवा." पत्र तयार झालं. ते खिशात ठेवून सुपरवायझर शुक्रवारी सकाळी काकूंच्या टेबलासमोर स्टूल ओढून बसला. देण्याआधी एकदा पाहावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

कापड सरकत होतं. बराच वेळ काही नाही. मग दिव्यावर ती फट आली. काकूंचं बोट तिच्यावर टेकलं, क्षणभर थांबलं आणि उचललं गेलं. कापड पुढे गेलं.

"काकू, दिसलं ना तुम्हाला?"

"दिसलं."

"मग दोरा?"

"कशाला? खाली कापतातच."

"कोणी सांगितलं कापायला?"

"तुम्हीच, साहेब."

त्याला आठवायला वेळ लागला. फोन कानाला लावून जिना उतरताना तो कोणालातरी म्हणाला होता, दोरे कापा आणि माल पाठवा.

"ते त्या एका ऑर्डरपुरतं होतं, काकू."

"कापणाऱ्याला ते कसं कळणार? नऊ नंबरच्या मागावर हीच फट येते. मी अकरा वेळा बांधला. अकराही दोरे मला केरात सापडले. बाराव्या वेळी हात उठला नाही."

त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. कामचुकार माणूस ओळखता येतो. त्याची खुर्चीच रिकामी असते. काकू मात्र रोज वेळेवर येत होत्या, त्याच टेबलाशी उभ्या राहत होत्या. फक्त त्यांच्यातला नकार कधीतरी उठून निघून गेला होता, आणि ते ज्याला कळायला हवं, तो मालाचा वेग मोजत बसला होता.

त्यानं खिशातलं पत्र काढलं. उलट्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कागद काकूंपुढे सरकवला. "हे खाली भिंतीवर लावतो. माझ्या सहीनं. आणि नऊ नंबरचा माग उद्या बंद करून दुरुस्त करून घेतो. चालेल?"

काकूंनी सवयीनं कागद काचेवर, दिव्यावर ठेवला. पलीकडच्या बाजूची अक्षरं उलटी उमटली. त्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं, सोमवार होता. त्यांनी ते वाचलं.

"नाही चालणार," मग त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत अजून चार तागे फाटके निघतील. माग आत्ता थांबवा."

तो उठला.

"आणि साहेब, 'दोरे कापु नयेत' नाही. 'पू' दीर्घ."

त्यांनी पेन्सिल उचलून दुरुस्ती केली आणि कागद त्याच्या हातात दिला.