कृत्तिका आणि गस्त

कृत्तिकांच्या फोटोला अमावास्या लागते. चोरालाही तीच लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फुलंब्रीकडं रात्री ड्रोन घिरट्या घालतात, मागून चोर येतात, अशी आवई उठली होती आणि गावोगाव गस्त चालू होती. पेपरात मी ते वाचलंही होतं. पण हौसेला मोल नसतं, तशी अक्कलही नसते.

संभाजीनगरहून स्कूटर काढली, अंधार पडता पडता एका शेताच्या बांधावर ट्रायपॉड उभा केला. कृत्तिकांचा झुबका वर छान दिसत होता. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकला. तेवढ्यावरून पंधरा-वीस माणसं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन धावत आली.

"ड्रोन उडवतो काय रे?" म्हणत पुढच्या दांडगट माणसानं माझी कॉलर धरली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी चोर नव्हतो, तरी माझी बोबडी वळली. "ताऱ्यांचा फोटो काढतोय," एवढंच कसंबसं म्हणालो.

"दाखव."

दाखवायला एकही धड फोटो नव्हता. आत्ता काढतो म्हटलं, पण उजेडात तारे येत नाहीत. काठ्या घेतलेल्या माणसांकडं अंधार मागायचा होता. "बॅटऱ्या जरा बंद करा," म्हणालो.

"मंग पळून जाईल ना त्यो," मागून कुणीतरी बोललं.

"धरलाय मी. करा बंद," कॉलरवाला म्हणाला.

एकेक बॅटरी विझली. शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात मला बायको आठवली, पोरगी आठवली. कुणाचा पाय वाजला तरी आता काठी बसते असं वाटे. मग मानेशी काहीतरी थरथरतंय असं जाणवलं. आधी वाटलं, मीच. पण ती त्याची मूठ होती.

फोटो आला. निळसर तारे पडद्यावर दाटीवाटीनं उमटले. सगळे वाकून बघू लागले, कुणी पाण्याची बाटली पुढं केली.

कॉलरवाला मला स्कूटरपर्यंत सोडायला आला. वाटेत हळूच म्हणाला, "साहेब, सगळ्यात पुढं मी होतो. तुमच्यापाशी काही हत्यार असतं तर? घरी दोन लेकरं हायेत."

मी किल्ली लावली. गाडी चालू करतोय तोच गावाच्या पलीकडं कुत्री भुंकली, आणि तो काठी सावरत सगळ्यांच्या पुढं पळाला.