अंगठेबहाद्दर

माझ्या दिराचे लातुरात क्लासेस आहेत. विषय फिजिक्स. शहरात शिरलं की चौकाचौकात त्याचे फलक दिसतात. मधोमध तो, दोन्ही बाजूंना पहिले आलेले विद्यार्थी, आणि त्याचा उजवा अंगठा वर. पूर्वी मी त्या फलकांकडे बघतही नव्हते. आता तो अंगठा दिसला की मस्तकात तिडीक उठते.

मी पाटबंधारे खात्यात आहे. नोकरीची बरीच वर्षं विष्णुपुरीला धरणावर गेली. दरवाजे तपासायला पाणबुडे यायचे तेव्हा मी वर उभी राहून ते सांगतील ते लिहून घ्यायची. ते वर आले की दरवेळी विचारायची, "खाली काय दिसतं?" दरवेळी एकच उत्तर मिळायचं, "काही नाही मॅडम. गढूळ पाणी. हाताला लागतं तेच दिसतं." भिंत इतकी मोठी, तिच्या वरच्या काठावर माझी निम्मी नोकरी झाली, आणि पाण्याखालचा तिचा एक फूटसुद्धा मी कधी पाहिला नाही. म्हणून अंदमानात समुद्राच्या तळाशी प्रवाळाची भिंत आहे, आणि तिथलं पाणी काचेसारखं असतं, असं ऐकलं तेव्हा मी ठरवलं. पन्नाशीला दोन वर्षं कमी होती. गुडघे ठीक होते. पोहणं माहेरच्या विहिरीत शिकलेलं होतं, हिमायतनगरकडे.

एकटी जाणार होते. पण घरात विषय काढला आणि नवरा तयार झाला, मग दीर. "वहिनी, दाबाचं गणित मी बघतो, तुम्ही नुसतं पोहा," दीर म्हणाला. मी धरणावर काम करते हे त्याला माहीत आहे.

चार दिवसांचा स्कूबा डायव्हिंगचा कोर्स होता. शिकवणारा चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा असतात, त्या त्याने पहिल्याच दिवशी तीनदा घोकून घेतल्या. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला तर सगळं ठीक. अंगठा वर केला तर ‘वर चला’. ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. आणि नियम असा की कोणीही, कधीही, कारण न देता अंगठा दाखवू शकतो. मग सगळ्यांनी मिळून वर यायचं, वाद नाही. मला हा नियम फार आवडला. दीर तेव्हा मोबाइलवर कोणाच्या तरी पालकांना उत्तर पाठवत होता.

चौथ्या दिवशी भिंत. त्या दिवशी दोन फेऱ्या होत्या, दोन्ही तिथेच.

आम्ही उतरलो. दहा मीटरवर तळ लागला आणि थोडं पुढे गेल्यावर तो तळ संपला. सरळ खाली निळं, मग गडद निळं, मग काही नाही. मी काठावरून पुढे झाले, वळले आणि भिंत समोर आली. जांभळे पंखे, माणसाहून उंच. पिवळ्या मऊ फांद्या, पाण्याबरोबर हलणाऱ्या. एका कपारीत लाल मासा तोंड उघडून बसलेला. मी एक एक फूट खाली जात होते आणि एक एक फूट वाचत होते. मनगटावरच्या घड्याळात सोळा मीटर आणि सात मिनिटं.

तेवढ्यात शिकवणाऱ्याने दिराकडे कॅमेरा वळवला. आणि दिराने अंगठा वर केला.

शिकवणारा थबकला. कॅमेरा हातात तसाच धरून त्याने दुसऱ्या हाताचा अंगठा वर करून विचारलं, नक्की? दिराने दोन्ही अंगठे वर केले. अगदी ऐटीत.

झालं. मला दंडाला धरून वर वळवलं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं, तिथे दोरीला लटकून मी खाली बघत राहिले. भिंतीचा काठ दिसत होता. टाकीत अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक होती.

बोटीवर आल्यावर शिकवणाऱ्याने विचारलं, "क्या हुआ सर?" दिराच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला आत्ता उमगलं. एक क्षणभर मला वाटलं, हा हसेल, चुकलो म्हणेल, आणि मीही हसेन. तो म्हणाला, "वहिनींना त्रास होत होता. घाबरल्या होत्या. म्हणून मी इशारा केला."

"मी? मला काय झालं होतं?"

"वहिनी, त्यात लाजायचं काय. पहिल्यांदा होतंच असं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्या शेजारी होता खाली, दोन हातांवर. त्याने सगळं पाहिलं होतं. तो चष्म्याची काच पुसत होता. पुसत पुसत म्हणाला, "राहू दे एक फेरी. उगं रिस्क कशाला."

मी शिकवणाऱ्याला नीट, मुद्देसूद सांगितलं. माझी हवा किती उरली ते दाखवलं, दिराची माझ्या निम्मीही नव्हती. त्याने ऐकून घेतलं. पण घाबरलेला माणूस मी घाबरलो नाही असंच म्हणतो, आणि दोन पुरुष एक सांगत होते. "मॅडम, आज आप आराम कीजिए."

ते तिघं उतरले. मी चाळीस मिनिटं बोटीत बसले. नावाड्याने बिस्किटांचा पुडा पुढे केला. मी अख्खा संपवला. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं, आणि विमानाच्या आदल्या संध्याकाळी पाण्यात उतरता येत नाही.

परत आल्यावर महिनाभराने लातूरला जेवण होतं. दिराने टीव्हीवर अंदमान लावलं. पाहुणे, शेजारी, त्याच्या क्लासमधले दोन शिक्षक. "आणि इथं आमच्या वहिनी घाबरल्या, मग काय, मी सगळ्यांना वर काढलं," म्हणत त्याने व्हिडिओ पुढे सरकवला.

मी उठून रिमोट घेतला.

"काय करलालाव वहिनी?"

"मागं घेते, भाऊजी. घाबरलेली मी दिसते का बघू."

मागे घेतलं आणि थांबवलं. भिंत, पाठमोरी मी, भिंतीकडे तोंड करून शांत तरंगणारी. आणि पुढे दीर, दोन्ही अंगठे वर, चौकातल्या फलकावर असतो तसाच. मी खुणेचा अर्थ सगळ्यांना सांगितला. मग म्हणाले, "आमच्या घरातले फिजिक्सचे सर. अंगठेबहाद्दर."

आधी जाऊबाई हसल्या, मग ते दोन शिक्षक. दीर म्हणाला, "गंमत होती हो वहिनी, तुम्ही लई मनावर घेता." पण त्याचे कान लाल झाले होते.

नांदेडला परतताना नवऱ्याने अहमदपूर मागे टाकलं. मग म्हणाला, "चारचौघांत बोलायची गरज नव्हती."

"बोटीत चारचौघंच होते. तिथं तुम्ही बोलला असता तर मला इथं बोलावं लागलं नसतं."

यावर त्याने गाणी लावली.

त्याच आठवड्यात मी रजेचा अर्ज टाकला आणि डिसेंबरसाठी अंदमानचा फॉर्म भरायला घेतला. नवरा मागे येऊन उभा राहिला. "मी पण येतो की."

"नको."

फॉर्ममध्ये एक रकाना होता, पाण्याखालचा जोडीदार कोण. मागच्या वेळी मी तिथे नवऱ्याचं नाव लिहिलं होतं. या वेळी लिहिलं, ‘तिथे जो मिळेल तो, फक्त खुणा येणारा हवा.’ तो वाचत होता. मी पान उलटलं.