स्टेशनाबाहेर न पडलेली पाहुणी

क्योतोच्या निशिजिन भागात तोमिए नाकाराई यांचं लोणच्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे पिंपं, वर माडी, आणि माडीवर तोमिएबाई. नवरा गेल्यापासून घरात त्या आणि मुलगा मासाफुमी, अशी दोनच माणसं. बाई स्वभावाने गोड. इतक्या गोड की उभ्या जन्मात त्यांनी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलेलं कुणी ऐकलेलं नाही.

शेजारच्या नातवाने फारच धुडगूस घातला की बाई दारात येऊन म्हणायच्या, “आवाज काय खणखणीत झालाय हो बाळाचा, आमच्या माडीपर्यंत पोचतो.” दुसऱ्या दिवशी शेजारीण मिठाईचा पुडा घेऊन माफी मागायला हजर. त्या गल्लीत सगळी अशीच. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं, आणि ताक देणाराही एवढा शहाणा की तो भांड्याकडे बघायचासुद्धा नाही. सगळ्यांचं सुरळीत चाललेलं.

अशा घरातल्या मुलाने पसंत केली ती चिहारु, हिमीची. हिमी म्हणजे उत्तरेच्या समुद्रावरचं गाव. तिथे मासे आणि वारा, तिसरं काही नाही. मुलगी क्योतोत इस्पितळात नर्स होती. पहिल्यांदा घरी आली तेव्हा तोमिएबाईंनी लोणच्याची बशी पुढे केली आणि रीतीप्रमाणे म्हणाल्या, “कसलं ग आमचं लोणचं, आपलं नावाला.” यावर ‘छे छे, असं लोणचं जन्मात खाल्लं नव्हतं’ असं म्हणायचं असतं, हे क्योतोतलं शेंबडं पोरही सांगेल. चिहारुने एक फोड नीट चावली आणि म्हणाली, “हो, जरा खारट झालंय.”

ही सून नको, हे तोमिएबाईंनी त्या क्षणी ठरवलं. मुलाला मात्र एवढंच म्हणाल्या, “मुलगी अगदी मोकळी आहे हो.” मासाफुमीला अर्थ कळला. पण तोही त्याच आईचं दूध प्यायलेला. म्हणाला, “हो ना, मलाही तेच आवडलं.”

मग शरद ऋतूत चिहारुच्या आईचा, किनुबाई हामादे यांचा, फोन आला. मुलीला घरी बोलावून जेवू घातलंत, आभारी आहोत वगैरे. फोन ठेवताना तोमिएबाई म्हणाल्या, “एकदा क्योतोला या बरं का. जरूर या.” क्योतोत हे वाक्य फोन संपवण्यासाठी असतं. दहा हजार वेळा म्हटलं तरी कुणी येत नाही. किनुबाई म्हणाल्या, “थांबा हं, पेन घेते.” आणि आठवड्याभरात तिकीट काढून मोकळ्या झाल्या.

आली का पंचाईत. पाहुणी एकदा उंबरठा ओलांडून आत आली, तोमिएबाईंच्या नवऱ्याच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून बसली, की सोयरीक झाल्यातच जमा. निशिजिनमध्ये कुणाच्या दारात कुणाच्या चपला निघाल्या हे मिनिटात गल्लीभर होतं. तेव्हा तिला घरीच आणायची नाही. पण ‘घरी येऊ नका’ असं म्हणायचं तरी कसं? तोमिएबाईंनी विचार केला आणि ठरवलं, स्वागताला स्टेशनवर जायचं आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत बाईला स्टेशनातच ठेवायचं. सुंठीवाचून खोकला जाईल.

मासाफुमी म्हणाला, “मी येतो ना बरोबर.”

“तू? डिसेंबरात? पिंपं कोण बघेल? तू दुकानात बस, मी आहे ना.” चिहारुची तर त्या दिवशी इस्पितळात पाळीच होती.

हे स्टेशन, ते काचा आणि लोखंडाचं अवाढव्य धूड, बांधलं गेलं तेव्हा गावाने नाकं मुरडली होती. त्यात तोमिएबाईंचं नाक सर्वांत पुढे. जुन्या देवळांच्या गावात हे काय विमान उतरवलंय, असं त्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या. त्या दिवशी मात्र त्या त्याच स्टेशनाच्या दारात रेशमी किमोनो घालून उभ्या राहिल्या.

किनुबाई फाटकातून बाहेर आल्या त्या ढकलगाडीसकट. गाडीवर थर्माकोलचा लांबच लांब खोका, दोरीने आवळलेला. बाई बुटक्या, गालांवर वाऱ्याने लाली आलेली. वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, “तुमच्यासाठी मासा आणलाय. सकाळी जाळ्यातनं काढलेला. आमच्याकडं या दिवसांत दुसरं काय असतंय?”

“अगंबाई, केवढा त्रास घेतलात,” तोमिएबाई म्हणाल्या. खोका तिथल्या कुलुपाच्या कप्प्यात ठेवू म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्या कप्प्यातही तो शिरेना. आडवा घातला, उभा घातला. शेवटी मासा त्यांच्याबरोबरच क्योतो बघायला निघाला.

“घर लांब आहे का हो?” किनुबाईंनी विचारलं.

“घर कसलं, सगळीकडे पिंपंच पिंपं. पाय ठेवायला जागा नाही बघा. तुम्हाला कुठे बसवणार?”

“मी पिंपावर पण बसंन.”

“आणि क्योतो बघायचं ना तुम्हाला? मग वर चला आधी. वरून सगळं दिसतं.”

सरकत्या जिन्यांवरून वर, आणखी वर, गच्चीपर्यंत. किनुबाई प्रत्येक जिन्यावर खोक्याला मिठी मारून उभ्या. गच्चीवर काचेपलीकडे तोमिएबाईंनी बोट दाखवलं. “तो तोजी देवळाचा पागोडा. इथूनच छान दिसतो. जवळ गेलं की मान दुखते नुसती.”

“आणि ते लाकडी सज्जाचं मोठं देऊळ?”

“त्या तिथे, डोंगराच्या पोटात. चढ फार हो. आणि गर्दी. दिसतंय ना?”

“न्हाई.”

“धुकं आहे आज. पण आहे तिथेच.”

किनुबाईंनी दिसत नसलेल्या देवळाला हात जोडले आणि म्हणाल्या, “बरं झालं. माझे गुडघे तसे गेलेतच. सगळी देवळं एका जागी उभं राहून झाली. तुम्ही फार विचार करता माणसाचा.”

तोमिएबाई जरा चपापल्या. टोमणा आहे की काय? त्यांनी निरखून पाहिलं. बाईच्या चेहऱ्यावर टोमणा ठेवायला जागाच नव्हती.

मग वरच्या मजल्यावर गरम शेवया झाल्या. खाली चहा झाला, आणखी खाली गोड झालं. प्रत्येक ठिकाणी तोमिएबाई आडून आडून काहीतरी सुचवत होत्या आणि किनुबाई ते सरळ हातात घेऊन खिशात घालत होत्या. “आमच्या घरची कामं फार, चिहारुला झेपायची नाहीत, नाजूक आहे ती,” तोमिएबाई म्हणाल्या. किनुबाई हसायलाच लागल्या. “नाजूक? अहो, ती बापाबरोबर होडी ओढायची. काळजी करू नका.”

“दोन्हीकडच्या चालीरीती फार वेगळ्या.”

“असंना का. तिला तुम्ही शिकवा, तुम्हाला ती शिकवंल.”

तोमिएबाईंनी चहाचा पेला अर्ध्यावरच खाली ठेवला.

दुपार कलली तशी त्यांना खरी काळजी लागली ती माशाची. एवढा मासा तसाच घरी न्यायचा म्हणजे डोक्यावर केवढं ओझं. क्योतोत घेतलेल्या वस्तूची फेड तिथल्या तिथे करायची असते, म्हणून त्यांनी लोणच्याचा एक खोका बरोबर आणला होता. पण या धुडापुढे लोणचं म्हणजे हत्तीपुढे मुंगी. मासा परत करावा तर तो अपमान, ते त्यांच्या रक्तात नाही. मग युक्ती सुचली. अर्धा ठेवायचा, अर्धा परत द्यायचा, गोड बोलून. म्हणजे घेतल्यासारखंही झालं आणि गळ्यात काही पडलंही नाही. समजणारा समजेल, अंतर ठेवलंय.

स्टेशनच्या तळघरात दुकानांच्या रांगेत त्यांच्या ओळखीचा मासळीवाला होता. त्याच्यापुढे माशाचा खोका उघडला. आत चांदीसारखा लखलखीत मासा, पोट असं की खोक्यालाच सूज आली म्हणावं.

“मधून उभा चिरून द्याल का? अर्धा अर्धा,” तोमिएबाई म्हणाल्या.

‘अर्धा’ ऐकलं आणि किनुबाईंनी चमकून तोमिएबाईंकडे पाहिलं.

मासळीवाल्याने मान तिरकी केली. “कठीण आहे हो, बाई.” म्हणजे बाहेरचा माल इथे कापत नाही, कृपा करा. तोमिएबाईंना कळलं. त्या निघायला वळल्याही.

किनुबाई मात्र पुढे सरकल्या. “मोठा हाय म्हणून? कठीण न्हाई ओ. सुरी द्या इकडं, मी दाखवते.” आणि हात थेट सुरीवर.

मासळीवाला घाबरून म्हणाला, “राहू दे, राहू दे, मी देतो.” त्याने मासा चिरला. आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबून बघत होती. किनुबाई सूचना देत होत्या, “काट्याला लावून घ्या. आता कसं जमलं. कठीण वाटलं होतं ना?”

तोमिएबाईंनी एक अर्धा आपल्या रेशमी रुमालात, चांगल्यातल्या, व्यवस्थित गुंडाळला. आपण तुटकपणे वागलो असं कुणी म्हणू नये म्हणून रुमाल चांगला. शून्य नंबरच्या फलाटाशी, गाडी लागलेली असताना, त्यांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला. “एवढा आम्हाला कुठे संपणार? अर्धा तुमच्याकडेही असू दे.”

किनुबाईंनी बोचकं घेतलं आणि कमरेतून अशा वाकल्या की वर यायलाच तयार नाहीत. वर आल्या तेव्हा डोळे भरलेले.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या.

तोमिएबाई एक पाऊल मागे सरकल्या.

“आमच्याकडं लग्नानंतर पहिल्या थंडीत मुलीच्या घरचे जावयाच्या घरी हा मासा नेतात. आणि जावयाच्या घरचे अर्धा परत देतात. तेव्हा म्हणायचं, सोयरीक पक्की. मी नुसता भेट म्हणून आणला होता हो. लग्नाचं तोंडानं कसं विचारणार? चिहारु म्हणली होती, त्यांना आपण आवडत न्हाई, तुला स्टेशनाबाहेर पण नेणार न्हाईत. पोरीची जात, उगाच काहीबाही बोलती. आणि तुम्ही आमची रीत शोधून काढून, आपणहून, स्टेशनातच…” त्यांनी बोचकं छातीशी धरलं.

गाडीची घंटा झाली. तोमिएबाईंनी तोंड उघडलं. ‘अहो, तसं नाही’, एवढेच तीन शब्द म्हणायचे होते. पण क्योतोच्या बाईला नकार द्यायला निदान तीन भेटी लागतात, त्यातली पहिली हवापाण्यात जाते. इथे गाडी सुटत होती. तोंडातून आलं ते सवयीनेच आलं, “किती छान झालं हो.”

किनुबाईंनी खिडकीतून बोचकं उंच करून दाखवलं. गाडी गेली.

तोमिएबाई उरलेला अर्धा मासा घेऊन बसने घरी आल्या. वाटेत दोनदा त्यांनी मनातल्या मनात फोनवर सांगायची वाक्यं जुळवली. दोन्ही वेळा शेवटी ‘जरूर या’ असंच यायला लागलं, तेव्हा नाद सोडला.

मासाफुमीने बोचकं सोडलं, मासा पाहिला आणि आईकडे बघतच राहिला. “अर्धाच?”

“अर्धा त्यांना दिला.”

त्याला रीत माहीत होती. चिहारुने केव्हाच सांगितलेली. त्याने मुळा सोलून मोठमोठे तुकडे केले, माशाबरोबर शिजायला ठेवले, आणि आईपुढे वाडगा ठेवताना खाली मान घालून म्हणाला, “मग तारीख धरायची का, आई? वसंतात?”

तोमिएबाईंनी एक घास घेतला. मासा जिभेवर विरघळला. नवऱ्याच्या तसबिरीकडे त्यांनी मुद्दामच पाहिलं नाही. तो गालातल्या गालात हसत असणार.

“विचार करू,” त्या म्हणाल्या.

मासाफुमीचा चेहरा उतरला. “आई, ‘विचार करू’ म्हणजे आपल्यात ‘नाही’.”

तोमिएबाईंनी मुळ्याचा तुकडा काड्यांनी उचलला, त्यावर फुंकर घातली आणि सावकाश म्हणाल्या, “मग हिमीच्या अर्थाने घे की.”