चाकाखालचं लिंबू

घरी नुकतीच केबल आली होती, आणि मला मोटारींच्या शर्यतींचं खूळ लागलं होतं. हिमायतनगरच्या घरी माझ्या कपाटात नऊ छोट्या रेसगाड्या होत्या. पुसायलासुद्धा मी कुणाला हात लावू देत नसे. दहावी गाडी, कोठी भागात घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेल्या चाचांची. त्यांचा मुलगा अमेरिकेत दर रविवारी शर्यतीत उतरायचा. आपल्याच गाडीची ही हुबेहूब छोटी गाडी त्याने हाताने बनवून बापाला धाडली होती. चाचांनी ती मला आठवडाभर बघायला दिली.

त्या शर्यतींचा इतिहासही चाचांनीच सांगितलेला. तिकडचे चोरटी दारू वाहणारे साध्या घरगुती गाड्यांची इंजिनं अशी सुधारायचे, की पोलिसांच्या हाती लागत नसत. मग त्यांच्या आपसातच पैजा लागल्या आणि त्याचा खेळ झाला. "खेल कायका मियाँ, जान का सौदा है," चाचा म्हणायचे. सोमवारी मुलाचा फोन येईपर्यंत त्यांना घास गिळवत नसे.

खंडेनवमी रविवारी आली. मी आंघोळ करून येतो तो काय, आईने स्कूटरशेजारी दहाही गाड्या ओळीने मांडलेल्या! हळदकुंकू, झेंडू, सगळं. "अगं, थांब!" म्हणेपर्यंत तिने चाचांच्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून वरून दाबलंसुद्धा. पुढचं चाक निखळून घरंगळत गेलं.

"एवढंसं तर चाक! चिकटव की," आई म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. चाक चिकटलं असतं हो, पण चाचांच्या मुलाची शर्यत आजच होती, हिच्याच मोठ्या गाडीतून.

सोमवारी गाडी रुमालात गुंडाळून दुकानात गेलो. फोन अजून आला नव्हता. चाचांनी निखळलेलं चाक पाहिलं. चिमट्याने ते बसवू लागले, तर ते दोनदा निसटून पडलं. तेवढ्यात फोन वाजला. चाचा जागचे हलेनात. "तुम उठाओ, बेटा."

मी उचलला. पलीकडून "अब्बा?" ऐकलं आणि मला रडूच फुटलं.

मुलाशी बोलणं झाल्यावर चाचांनी गाडी परत माझ्याच हातात दिली. "अम्मा को बोलो, हर इतवार को पूजा करना. निंबू नक्को."

गाडी आमच्याकडेच राहिली. आई दर रविवारी तिला हळदकुंकू वाहायची, आणि सोमवारी चाचांचा निरोप येईपर्यंत आम्हा दोघांनाही घास गिळवत नसे.